लाईट गेल्यावर सम्प कसा वागतो, ते आधी बघा

गेल्या अंकात समुद्री माशांच्या टाकीखालच्या सम्पबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्याची बहुतेक पत्रं त्याच विषयावर आली. ज्यांना ही गोष्ट नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुख्य टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी म्हणजे सम्प. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे काठाशी पाणी ओसंडून जायच्या दातेरी डब्यातून, आपोआप खाली येतं. तिथे ते गाळलं जातं, स्किमर त्यातली घाण फेसावाटे वेगळी काढतो आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, स्किमर, पंप असं सगळं सामान खाली जातं, त्यामुळे वरती फक्त मासे आणि दगड दिसतात. एकूण पाणीही वाढतं, आणि खाऱ्या टाकीत पाणी जितकं जास्त तितकी तिची तब्येत स्थिर.

प्रश्न : माझी समुद्री टाकी तीन फुटी आहे, ३६ × १८ × १८ इंच. गोड्या पाण्याची जुनी दोन फुटी टाकी, २४ × १२ × १२ इंच, माळ्यावर पडून आहे. तिच्यात काचा चिकटवून घरीच सम्प करता येईल का? दुकानदार म्हणतो, तयारच घ्या, घरचे सम्प गळतात. (चिंचवड)

करता येईल. चांगला होईल. काच चिकटवणं हे त्यातलं सोपं काम आहे आणि नीट केलं तर सहसा गळत नाही. घरच्या सम्पचं पाणी फरशीवर येतं ते बहुतेक वेळा जोडातून येत नाही, काठावरून येतं. लाईट जाते, पंप थांबतो, वरचं पाणी खाली उतरतं आणि सम्पमध्ये त्याला जागा नसते. म्हणून काचवाल्याकडे जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि पंप बंद असताना काय होईल त्याचा हिशोब मांडा. आमच्या ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक टाकीची सुरुवात याच हिशोबाने होते.

तुमच्याच मापांवर करून दाखवते. वरची टाकी सेंटिमीटरमध्ये साधारण ९० × ४५. म्हणजे तिच्यातली पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळपास चार लिटर पाणी खाली येतं. रिटर्नच्या पाईपचं तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटरवर असेल, तर पंप थांबल्यावर तोच पाईप सायफन होऊन उलटा वाहायला लागतो आणि त्याच्या तोंडाशी हवा पोचेपर्यंत थांबत नाही. पाच गुणिले चार, वीस लिटर. ओव्हरफ्लोच्या डब्यातलं आणि पाईपांतलं मिळून आणखी तीन धरा. झाले तेवीस.

आता तुमची जुनी टाकी. लांबी आतून ५९ सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी २९. मी तिचे असे भाग पाडेन : पाणी पडतं तिथे स्किमरसाठी ३४ सेंटिमीटरचा कप्पा, मग तीन काचांचा बुडबुडे अडवणारा सापळा साडेसहा सेंटिमीटरचा, आणि शेवटी रिटर्न पंपाचा १८ सेंटिमीटरचा कप्पा. स्किमरच्या कप्प्यात पाणी २० सेंटिमीटर, पंपाच्या कप्प्यात १४. काठापासून दोन सेंटिमीटर कोरे सोडले तर वरून येणाऱ्या पाण्याला जागा उरते ती अशी : स्किमरच्या कप्प्यात आठ लिटर, सापळ्यात दोनच्या खाली, पंपाच्या कप्प्यात सात. सगळं मिळून सतरा. येणार आहे तेवीस. दर वेळी लाईट गेली की सहा लिटर खारं पाणी तुमच्या प्लायवूडवर.

यावर मोठा सम्प घेण्याचीही गरज नाही. रिटर्नचं तोंड पाण्याखाली दोन सेंटिमीटरवर आणा. आठ आणि तीन, अकरा लिटर. सतरा लिटरच्या जागेत अकरा लिटर आरामात मावतं. एवढा साधा बदल आहे आणि तो काच कापण्याच्या आधी कागदावर करता येतो.

शेवटच्या कप्प्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण याचा विचार फार कमी लोक करतात. टाकी चालू असताना वरची पातळी ओव्हरफ्लोचे दात ठरवतात आणि स्किमरच्या कप्प्याची पातळी काच ठरवते. वाफ होऊन गेलेलं पाणी कमी झालेलं दिसतं ते फक्त पंपाच्या कप्प्यात. पूर्ण टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडालं, तर ते तीनही लिटर त्या १८ × २९ च्या चौकोनातून कमी होतात, म्हणजे पावणेसहा सेंटिमीटर. दोन दिवस लग्नाला गावी गेलात की पंप कोरडा फिरायला लागेल. म्हणून कप्पा मोठा हवा असं वाटतं. पण उद्या ओव्हरफ्लोच्या जाळीत गोगलगाय अडकली आणि पाणी खाली येणं बंद झालं, तर पंप या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवेल. कप्पा जितका मोठा तितकं वर जास्त चढणार. तुमच्या मापात साधारण दहा सेंटिमीटर पाणी पंप ओढू शकतो, म्हणजे पाच लिटरच्या वर, आणि वरची पातळी सव्वा ते दीड सेंटिमीटरने वाढेल. तेव्हा वरच्या टाकीचा काठ पाण्यापासून किमान अडीच सेंटिमीटर उंच असू द्या. १८ सेंटिमीटरचा आकडा मी या दोन्ही भीतींच्या मध्ये काढला आहे.

आता काचा. सापळ्याची पहिली काच तळाला टेकलेली, २० सेंटिमीटर उंच. दुसरी तळापासून अडीच सेंटिमीटर वर उचललेली आणि तिचं डोकं २३ वर. तिसरी पुन्हा तळाला टेकलेली, १८ उंच. दोन काचांमध्ये अडीच-अडीच सेंटिमीटरची फट. पाणी पहिलीवरून जातं, दुसरीखालून, तिसरीवरून, आणि या चढउतारात बुडबुडे वर निघून जातात. पाच एमएमची काच पुरते. काचवाल्याला आतलं माप देताना रुंदीतून दोन ते तीन एमएम कमी करून द्या. ती जागा सिलिकॉनची आहे. काच अगदी ठासून बसली तर एक दिवस बाजूची काच तडकेल. कडा घासून मागा, नाहीतर पुढे सम्प साफ करताना हात कापेल. ॲक्रिलिकचे पडदे स्वस्त पडतात, पण सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही आणि काही महिन्यांत पडदा सुटतो. काचच लावा.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्या. बाथरूमसाठी म्हणून जे बुरशीरोधक मिळतं ते चालत नाही, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. जुन्या टाकीच्या आत जिथे नवी काच बसणार आहे तिथलं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. त्या जागा ॲसिटोनने पुसा आणि मग बोट लावू नका. काच उभी करा, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची सलग रेघ ओढा, ओल्या बोटाने एकाच दमात दाबत न्या. दुसऱ्या दिवशी ते कोरडं वाटेल. तरी आठवडाभर थांबा. वास पूर्ण गेला की पाणी भरा.

तुमच्या पत्रात ओव्हरफ्लोचा उल्लेख नाही, म्हणजे वरच्या टाकीला भोक नसावं. काठावर टांगायचे सायफनवाले डबे मिळतात. ते मी कोणालाही सुचवत नाही. त्यांच्या वरच्या वाकणात हळूहळू हवा साचते, एक दिवस सायफन तुटतो आणि पंप मात्र वर पाणी टाकतच राहतो. टाकी रिकामी करून मागच्या काचेला भोक पाडून घ्या. काचवाल्याकडे हिऱ्याचं बिट असतं, वर पाण्याची धार सोडत तो सावकाश पाडतो. भोकाची कड काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकी लांब हवी. मात्र टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर भोक पडत नाही, ती चुरा होते. ओळखायची पद्धत अशी : काचेच्या एका बाजूला लॅपटॉपचा पांढरा पडदा उघडा ठेवा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून बघा. गडद पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन्ड आहे.

रिटर्न पंपाच्या खोक्यावर जो ताशी लिटरचा आकडा असतो तो शून्य उंचीचा. कपाटाच्या तळापासून टाकीच्या काठापर्यंत चार फूट चढवताना लहान पंप त्याच्या निम्म्याच्याही खाली येतात. तुमच्या टाकीला वर प्रत्यक्ष पोचणारं पाणी ताशी सात-आठशे लिटर असलं की खूप झालं. टाकीत लाटा हव्यात तर त्यासाठी वेगळा वेव्हमेकर लावा, रिटर्न पंपाकडून ते काम करून घेऊ नका.

आणि शेवटी चाचणी. मिठाची पिशवी फोडू नका. खाऱ्या टाकीला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागतं, तुमच्या दोन्ही टाक्यांना मिळून सात किलोच्या आसपास. पहिली चाचणी साध्या नळाच्या पाण्यावर. पाणी चालू करा, पातळ्या स्थिर होऊ द्या, पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. मग प्लग काढा आणि दहा मिनिटं सम्पसमोर बसून बघा. पाणी कुठे येऊन थांबतं तिथे दुसरी रेघ. पुन्हा प्लग लावा, पंप स्वतःहून चालू होतो का, पातळी पहिल्या रेघेवर परत येते का ते बघा. असं चार-पाच वेळा. मी गिऱ्हाइकाच्या हातात टाकी देताना त्यांच्यासमोर प्लग काढते, आणि त्यांनी स्वतः काढून बघितल्याशिवाय टाकी गाडीत चढू देत नाही. त्या दोन रेघा पुसू नका. खालची रेघ रोजच्या भरणीची, वरची रेघ तुमच्या निश्चिंतीची.

एक राहिलं. सिलिकॉन लावायच्या आधी कपाटाचं दार मोजा. सम्प आत जाईल का एवढं बघून भागत नाही. स्किमरचा फेस जमा होणारा कप वर उचलून काढावा लागतो, दर दोन-तीन दिवसांनी, त्यासाठी स्किमरच्या डोक्यावर वीतभर जागा हवी. नसेल तर तो कप कधीच वेळेवर साफ होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग असतं. लाईट गेली की सम्प भरून वाहतो म्हणून दुकानदाराने रिटर्नच्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून दिला. सुरुवातीला छान चाललं, आता पुन्हा पाणी खाली येतं. व्हॉल्व्ह खराब निघाला का? (लातूर)

व्हॉल्व्ह खराब नाही. खाऱ्या टाकीत त्याचं असंच होतं. पाण्यातला चुना त्याच्या पडद्यावर बसतो, त्यावर नळी करून राहणारे बारीक किडे वस्ती करतात, कधी गोगलगाईचं पिल्लू नेमकं तिथे बसतं. पडदा केसभर उघडा राहिला तरी सायफन चालूच राहतो. व्हॉल्व्ह असू द्या, महिन्यातून एकदा उघडून व्हिनेगरमध्ये भिजवा, पण त्याच्या भरवशावर सम्प भरू नका. वरच्या उत्तरातला हिशोब व्हॉल्व्ह नाहीच असं समजून करा.

सायफन तोडण्याचा खरा उपाय म्हणजे रिटर्नचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवणं. ते खालीच हवं असेल तर पाईपला पाण्याच्या रेघेखाली सेंटिमीटरभर पाच-सहा एमएमचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन थांबतो. हे भोकही शेवाळाने बुजतं, म्हणून काच पुसाल तेव्हा त्यात दात कोरायची काडी फिरवायची सवय लावून घ्या.

तुमच्याकडे लाईट तासन्‌तास जाते, तर पाण्याच्या सांडण्यापेक्षा मला जास्त काळजी प्राणवायूची वाटते. पंप थांबला की स्किमर थांबतो, पृष्ठभाग हलत नाही, आणि उकाड्यात कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप वरच्या टाकीला लावून ठेवा, किंवा घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर घ्या, तो अगदी थोडी वीज खातो. आणि लाईट परत आल्यावर पाच मिनिटं स्किमरकडे लक्ष ठेवा. सम्पची पातळी तेव्हा वर असते, त्यामुळे स्किमर एकदम फेस ओततो आणि कप भरून वाहतो. स्किमरचा प्लग टायमरवर टाकून त्याला दहा मिनिटं उशिरा सुरू करता आलं तर फारच बरं.

प्रश्न : सम्प बसवल्यापासून दिवाणखान्यात रात्रभर डुबुक-डुबुक आवाज येतो. सासूबाई तिथेच झोपतात, त्यांची झोप मोडते. रात्री पंप बंद ठेवला तर चालेल का? (डोंबिवली)

नाही ताई, बंद ठेवू नका. सम्पमधल्या दगडांवर आणि सिरॅमिकवर राहणारे जिवाणू माशांच्या मूत्र-विष्ठेतला अमोनिया पचवतात, आणि त्यांना वाहतं पाणी लागतं. रोज रात्री सात-आठ तास पाणी थांबलं तर ते मरायला लागतील. आवाज मात्र घालवता येतो, आणि तो घालवायलाच हवा. वयस्कर माणसाची झोप हा काही किरकोळ प्रश्न नाही.

डुबुक आवाज पाईपमध्ये पाण्याबरोबर हवा ओढली जाते म्हणून येतो. उभ्या पाईपचं तोंड नुसतं उघडं असेल तर भोवरा होतो आणि हवेचे घोट जातात. पाईपच्या डोक्यावर टी बसवा. टीच्या आडव्या तोंडाला एल्बो लावून तो खाली वळवा, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत शिरेल. टीच्या वरच्या तोंडाला टोपी लावा आणि टोपीला बारीक भोक पाडा. शौकीन लोक याला डर्सो पाईप म्हणतात. सगळी जादू त्या टोपीच्या भोकात आहे. भोक फार लहान राहिलं तर पाईपमध्ये सायफन लागतो, डब्यातली पातळी झरकन खाली जाते, सायफन तुटतो, पातळी पुन्हा चढते, आणि दर अर्ध्या मिनिटाला फ्लश ओढल्यासारखा आवाज येतो. तीन एमएमपासून सुरू करा आणि आवाज ऐकत-ऐकत बिट एकेक नंबरने वाढवा. एका बैठकीत जमतं.

एवढं करूनही आवाज राहिला तर पाईप लहान पडतोय. एक इंची पाईप या पद्धतीत ताशी हजार लिटरच्या आसपास शांतपणे नेतो, त्याहून जास्त पाणी सोडलंत तर कुरकुरणारच. मग पंपाचा वेग कमी करा. टाकीला दुसरं भोक पाडणं शक्य असेल तर त्याहून उत्तम सोय आहे : एक पाईप पूर्ण पाण्याने भरून वाहणारा, खाली व्हॉल्व्हने आवळलेला, आणि दुसरा त्याहून किंचित उंच, एरवी जवळपास कोरडा. पहिल्यात हवाच नसते म्हणून आवाज नसतो, आणि तो तुंबला तर दुसरा पाणी नेतो. बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्हने आवळणं नेमकं होतं.

खालचं टोकही बघून घ्या. पाईप सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडलेला हवा. तळापर्यंत नेलात तर हवा बाहेर पडायला झगडते आणि तीच आवाज करते. पंप कपाटाच्या प्लायला किंवा काचेला टेकून थरथरत असेल तर कपाट ढोलासारखं वाजतं. पंपाखाली स्पंजची जाड चकती ठेवा आणि पंपाजवळचा फूटभर भाग कडक पाईपऐवजी मऊ होजचा करा. होज आवळायला स्टीलची नव्हे, प्लॅस्टिकची क्लिप.

प्रश्न : समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सम्पसाठी समुद्राचंच पाणी वापरावं का? आणि मालवणहून आणलेले प्रवाळाचे तुकडे घरात आहेत, ते सम्पमध्ये फिल्टर म्हणून टाकू का? (रत्नागिरी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. २००१ पासून. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडा उचलून घरी ठेवणंही त्यात येतं. मालवणला तर १९८७ पासून समुद्री अभयारण्य आहे. तुम्ही हे जाणूनबुजून केलं नसेल याची मला खात्री आहे. पण यापुढे तिथून काही आणू नका, घरातल्या तुकड्यांबद्दल वनखात्याच्या कार्यालयात विचारा, आणि कोणी 'जिवंत दगड' (समुद्रातून काढलेले, जीवजंतू असलेले प्रवाळाचे दगड) विकत असेल तर त्याच्याकडूनही घेऊ नका. आपल्या कोकणच्या किनाऱ्याला प्रवाळ थोडंच आहे, आणि ते पाण्यातच राहायला हवं.

सम्पमध्ये जिवाणूंना राहायला सच्छिद्र जागा हवी असते, ती सिरॅमिकचे रिंग आणि सिरॅमिकच्याच विटा देतात. जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून टाकू नका. त्यात लोह फार, आणि तो भुसभुशीत. काळा पाषाण पाण्यात काही करत नाही, पण तो इतका घट्ट असतो की जिवाणूंच्याही उपयोगाचा नाही.

समुद्राचं पाणी वापरता येतं, पण कुठलं आणि कधीचं याला महत्त्व आहे. मिरकरवाड्याच्या बंदरातलं नको, तिथे बोटींचं डिझेल आणि मासळीचं सांडपाणी. भाट्येच्या खाडीतलंही नको, काजळी नदीचं गोडं पाणी त्यात मिसळतं. पावसाळ्यात तर किनाऱ्याजवळ कुठलंच नको. दिवाळीनंतर, भरतीच्या वेळी, ओळखीच्या होडीवाल्याकडून किनाऱ्यापासून लांबचं पाणी मागवा. कॅन नवे किंवा खाण्याच्या तेलाचे, रसायनाचे नकोत. आणलेलं पाणी झाकून अंधारात पंधरा दिवस ठेवा. त्यातले तरंगते सूक्ष्मजीव मरून तळाशी बसतात, मग वरचं निवळ पाणी नळीने काढून घ्या आणि एक दिवस हवा सोडा. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) हजारी ३५ च्या आसपास दिसलं पाहिजे. तुमच्याच गावात झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय एकदा जाऊन बघा. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारी माणसं जवळ असणं ही मोठी सोय आहे.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर जातं. चिलर परवडत नाही. सम्पमध्ये काही करता येईल का? (नागपूर)

सम्पवर पंखा लावा. कॉम्प्युटरचे छोटे पंखे किंवा साधा टेबल फॅन, कपाटाचं दार उघडं ठेवून, वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घासून जाईल असा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि तुमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय विदर्भात मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि सम्पवरच्या पंख्याचा फायदा घटतो. कूलर टाकीच्या खोलीत ठेवायचा की शेजारच्या, हे थर्मामीटर बघून ठरवा.

पंखा लावला की पाणी फार उडेल. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. एकूण पाणी दोनशे लिटर असेल आणि दहा लिटर उडालं, तर हजारी ३५ ची खारटी ३७ च्या जवळ पोचते. भरपाई नेहमी आरओच्या गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नाही. दिवसातून दोनदा पंपाच्या कप्प्यावरच्या रेघेपर्यंत. फ्लोट स्विच आणि वेगळा पाण्याचा डबा लावून हे आपोआपही करता येतं, पण त्या डब्यात एका वेळी दहा लिटरपेक्षा जास्त पाणी भरू नका. स्विच अडकला तर जे नुकसान होईल ते तेवढंच.

एखाद्या दिवशी पारा फारच चढला तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी सम्पच्या पहिल्या कप्प्यात सोडा, वरच्या टाकीत नाही. तासाला एका अंशाहून जास्त उतरवू नका.

प्रश्न : सम्प केल्यावर पाणी आणखी स्वच्छ होईल वाटलं होतं, पण नायट्रेट वाढतंय. (सातारा)

नायट्रेट म्हणजे जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर पाण्यात उरतं ते. फिल्टरचा मोजा, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, किती दिवसांनी बदलता? त्यात अडकलेलं अन्न आणि विष्ठा तिथेच कुजते. तीन-चार दिवसांनी काढा, साबणाशिवाय धुवा, वाळवून वापरा, दोन-तीन मोजे आलटून-पालटून. जिवाणूंना राहायला टाकलेले प्लॅस्टिकचे बायोबॉल असतील तर त्यांच्यावरही गाळ साचतो. ते एकदम न काढता आठवड्याला थोडे थोडे काढा. जागा असेल तर एका कप्प्यात केटोमॉर्फा शेवाळ ठेवा आणि त्यावरचा दिवा वरच्या टाकीचा दिवा बंद असताना लावा. शेवाळ नायट्रेट खाऊन वाढतं, वाढलेलं काढून टाकलं की नायट्रेट त्याच्यासोबत बाहेर जातं.

प्रश्न : सम्पच्या कपाटात स्विचबोर्ड आहे. त्यावर पांढरं मीठ जमलंय. पुसून घेतलं की पुरे का? (वसई)

पुरे नाही. बोर्ड आजच बाहेर काढा. मीठ दिसतंय म्हणजे दमट खारी हवा आतल्या पत्र्यांपर्यंत पोचली आहे. मेन बंद करून, इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बोर्ड कपाटाबाहेर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवून घ्या. टाकीच्या लाइनवर ३० मिलिॲम्पचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या, खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्याच्या घरात ते असलंच पाहिजे. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पितळेचे किंवा तांब्याचे नळ-निपल सम्पच्या पाण्यात असतील तर तेही काढा. तांबं कोळंबी आणि गोगलगाईंना मारतं.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. माझी दीड फुटी टाकी आहे, त्यात दोन क्लाउनफिश. सम्प करूच का? (नाशिक)

नको. एवढ्या पाण्याला मागे टांगायचा फिल्टर, एक छोटा वेव्हमेकर आणि दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं पुरेसं आहे. सम्पचे पैसे चांगल्या रिफ्रॅक्टोमीटरवर आणि आरओवर घाल. आणखी मासे घ्यायचे झाले तर टाकीत जन्मलेलेच माग. क्लाउनफिशची पैदास आपल्या देशातही होते, केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र केव्हाच बसवलं आहे. टाकीत वाढलेला मासा दुकानातच गोळी अन्न खाताना दिसेल. खायला घालून दाखवा म्हण, आणि खाल्लं तरच पिशवीत घे.